गाडीवरचे पांढरे डाग

हिजरी वर्ष चंद्रावर चालत असल्याने सध्या रमजान ईद मार्च-एप्रिलच्या सुमारास आणि बकरी ईद मे-जूनच्या तोंडावर येते. दापोलीकडे हेच दिवस लग्नसराईचे, मुंबईकरांच्या सुट्टीचे आणि कुवेत-दुबईहून रजेवर येणाऱ्यांचे. बुरोंडी, हर्णै, अडखळ, उटंबर, दाभोळ, कोणत्याही मोहल्ल्यात जा, दारादारांत गाड्या उभ्या असतात आणि ईदच्या किंवा निकाहच्या आदल्या दिवशी त्या धुतल्या जातात. पाइप लावला जातो, मुले हौसेने साबण चोळतात, गाडी चकचकीत दिसू लागते. आणि तासाभराने काळ्या बॉनेटवर पांढरे गोल ठिपके उमटतात. मग पुन्हा पाइप लागतो. पुन्हा तेच ठिपके.

विषय घराघरातला आहे, म्हणून या महिन्यात त्यावर लिहायचे आम्ही ठरवले. त्याला आणखी एक कारण आहे. ज्या दिवसांत गाड्या सर्वांत जास्त धुतल्या जातात, त्याच दिवसांत विहिरी तळाला गेलेल्या असतात. डाग जाईना म्हणून दुसऱ्यांदा ओतलेले पाणी कुणाच्या तरी हंड्यातले असते. तेव्हा मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो : हे डाग पाणी कमी पडल्याने राहत नाहीत. पाणी गाडीवर सुकू दिल्याने पडतात. हे एकदा लक्षात आले की गाडीही स्वच्छ राहते आणि पाणीही वाचते.

डाग कशाचे असतात?

पाणी स्वच्छ दिसले तरी त्यात जमिनीतले क्षार विरघळलेले असतात. मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे, समुद्राजवळ साधे मीठही. ऊन लागले की पाण्याची वाफ होते, क्षार मात्र जागेवर राहतात. थेंब सुकताना ते बरेचसे कडेला जमतात, म्हणून डाग कड्यासारखा गोल दिसतो. गिझरच्या कॉइलवर आणि बाथरूमच्या नळावर जो पांढरा थर धरतो, त्याच जातीचा हा प्रकार आहे.

पिण्याजोगे पाणी असले म्हणजे डाग पडणार नाहीत, असेही नाही. आपल्या देशातील पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार एका लिटरमध्ये विरघळलेले घटक ५०० मिलिग्रॅमपर्यंत असले तरी ते पाणी चांगलेच समजले जाते. आता हिशेब करा. आपल्या पाण्यात लिटरमागे ४०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि धुऊन झाल्यावर गाडीवर पाव लिटर पाणी थेंबाथेंबांनी राहिले, असे धरा. ते सुकले की १०० मिलिग्रॅम पांढरी पूड गाडीभर ठिपक्यांच्या रूपात उरते. आणखी दहा बादल्या ओतल्या तरी शेवटी पाव लिटर राहणारच आणि तेवढीच पूड मागे ठेवणार.

आपले पाणी ओळखा

कोकणातला जांभा पावसाचे पाणी भराभर पोटात घेतो आणि तितक्याच लवकर सोडून देतो. म्हणूनच वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे टंचाई असते. जांभ्यात चुन्याचा अंश फारसा नसतो, त्यामुळे जांभ्यातल्या उघड्या विहिरीचे पाणी बहुधा मृदू असते. खाली काळ्या कातळात गेलेल्या बोअरचे पाणी अनेकदा जड असते. ओळखायची खूण सोपी : साबणाला फेस कमी येत असेल तर पाणी जड आहे आणि त्याचे डाग जास्त पडणार.

काही बोअरच्या पाण्यात लोहाचा अंश असतो. उपसताना ते स्वच्छ दिसते, पण बादलीत राहिले की तांबूस होते आणि त्याचे डागही तपकिरी पडतात. असे पाणी रात्रभर ठेवून वरचे निवळ तेवढे घ्यावे. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे दुखणे आणखी वेगळे. उन्हाळ्यात उपसा वाढला की समुद्राचे पाणी आत सरकते आणि विहीर मचूळ होते. तेथे पाइप लावून गाड्या धुणे म्हणजे गाडीवर मीठ शिंपडणे आणि पिण्याची विहीरही बिघडवणे.

मग शेवटचे पाणी कोणते घ्यावे? सर्वांत उत्तम पावसाचे. त्यात क्षार जवळजवळ नसतात. दहा चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबाने शंभर लिटर पाणी होते, आणि आपल्याकडे एवढा पाऊस एखाद्या सरीतच पडून जातो. छप्पर धुऊन निघाल्यावरच्या पागोळ्यांचे पाणी फडक्यातून गाळून वीस-वीस लिटरच्या दोन कॅनमध्ये भरावे, झाकण घट्ट लावावे आणि सावलीत ठेवावे, म्हणजे त्यात डास होत नाहीत. शेवटच्या फेरीला दोन लिटर पुरतात, म्हणजे हे दोन कॅन वीस धुण्यांना पुरतील. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कलमांसाठी पावसाचे पाणी साठवणारे जलकुंड शेतकऱ्यांपर्यंत नेले. आपल्याला तर दोन कॅनच भरायचे आहेत. मात्र हे पाणी पिण्यासाठी वापरू नये आणि कॅनवर तसे लिहून ठेवावे.

घरात एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारे पाणीही याच कामाचे आहे. ते हवेतल्या वाफेचे पाणी, त्यामुळे त्यात क्षार नगण्य असतात. आपल्या दमट हवेत एका रात्रीत काही लिटर सहज जमते.

आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक जण ते गाडीसाठी वापरतात. हेतू चांगला आहे, पण यंत्र पिण्याच्या पाण्यातले क्षार काढून याच पाण्यात सोडत असते. ते टायर, पायपुसणी आणि सुरुवातीचा चिखल धुण्यासाठी जरूर वापरावे. शेवटची फेरी मात्र त्याने करू नये.

वेळ आणि जागा

फजरच्या नमाजनंतरची वेळ या कामाला सर्वांत चांगली. पत्रा रात्रभर थंड झालेला असतो, ऊन चढलेले नसते, हवेत ओल असते. पाणी सुकायला वेळ लागतो आणि पुसायला आपल्याला सवड मिळते. दुपारी तापलेल्या बॉनेटवर पाणी टाकले की फडके हातात घेण्याआधीच डाग तयार होतो. खेडहून वळणे चढून आलेली गाडी लगेच धुऊ नये. बॉनेटला हात लावून पाहावा. गार लागला तरच सुरुवात करावी.

सावली हवी, पण झाडाची जपून. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी उभी केली की तुडतुड्यांच्या चिकट द्रवाचे थेंब पडतात आणि त्यावर धूळ बसते. फणसाखाली चीक आणि पाखरांची विष्ठा. भिंतीची किंवा पडवीची सावली बरी. विहिरीच्या काठावर, पऱ्यात किंवा वहाळात गाडी धुऊ नये. साबण आणि तेलकट घाण पाण्यात उतरते आणि खालच्या वाडीला तेच पाणी जाते.

धुण्याची पद्धत

दोन बादल्या, एक झारी, दोन मऊ स्पंज, टायरसाठी वेगळे फडके आणि पुसायला दोन-तीन मायक्रोफायबरचे टॉवेल एवढे सामान पुरे. कपडे धुण्याची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नये. त्याने रंगावरचे मेणाचे कवच उतरते. गाडीचा शाम्पू मिळतो, तो बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच घ्यावा.

सुरुवात चाकांपासून करावी. चाके शेवटी धुतली तर चिखलाचे शिंतोडे पुन्हा अंगावर येतात आणि तोपर्यंत वरचे पाणीही सुकून जाते. त्यानंतर झारीने पूर्ण गाडी ओली करून धूळ मऊ होऊ द्यावी. आपल्या जांभ्याच्या लाल धुळीत बारीक खर असते. कोरड्या फडक्याने ती झटकली की रंगावर केसासारखे ओरखडे उठतात, आणि ते काही धुऊन जात नाहीत.

मग एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे. स्पंज शाम्पूत बुडवून एक भाग धुवावा, साध्या पाण्यात खळबळून घ्यावा, मगच पुन्हा शाम्पूत बुडवावा. धूळ दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसते आणि पुन्हा रंगावर घासली जात नाही. आधी छत, मग काचा, बॉनेट, डिकी, दरवाजे आणि सर्वांत शेवटी दाराखालची पट्टी. एक भाग धुतला की तेथला साबण लगेच झारीने काढून पुढे जावे. सगळी गाडी साबणात माखून ठेवली तर पहिला भाग सुकून जातो.

साबण निघाल्यावर पावसाचे किंवा एसीचे दोन लिटर पाणी मगाने छतापासून हळूहळू ओतावे. जोराने उडवलेले पाणी थेंबाथेंबांनी चिकटून राहते. संथ सोडलेले पाणी चादरीसारखे खाली उतरते आणि आधीचे जड पाणीही ओढून नेते. पुसायचे काम यानेच निम्मे होते.

पुसणे हेच खरे काम

धुण्यात अर्धा तास घालवून पुसण्याची वेळ आली की घरातली मंडळी पांगतात. खरे तर मुलांची मदत येथेच जास्त हवी असते. एकाने ओले पाणी टिपावे, दुसऱ्याने लगेच मागून कोरडा टॉवेल फिरवावा. टॉवेल घासू नये. तो पसरून पत्र्यावर टाकावा आणि आपल्याकडे हलकेच ओढून घ्यावा. मायक्रोफायबर नसेल तर अनेकदा धुऊन मऊ झालेली सुती लुंगी चालते. जरीची किंवा नायलॉनची ओढणी नको. ती पाणी शोषत नाही आणि रंगाला चरे पाडते.

आरशांच्या फटी, दरवाज्यांचे हँडल, नंबरप्लेट आणि काचांच्या रबरी पट्ट्या यांत पाणी दडून बसते आणि नंतर ओघळून डाग पाडते. म्हणून सगळे दरवाजे आणि डिकी उघडून कडा पुसाव्यात. हर्णै बंदरावरून मासळी आणली असेल तर डिकीत बर्फाचे खारट पाणी सांडलेले असते. तेही याच वेळी पुसावे, नाहीतर वास राहतो आणि गंजही धरतो. शेवटी मोकळ्या जागी गाडी थोडी चालवून दोन-तीन वेळा ब्रेक दाबावा, म्हणजे डिस्क कोरड्या होतात. टॉवेल धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य घालू नये. त्याने टॉवेलची पाणी शोषण्याची ताकद जाते.

वॅक्स लावलेल्या गाडीवर पाण्याचे मोती होतात आणि पाहायला छान वाटते. पण प्रत्येक मोती सुकला की त्याचा ठिपकाच होतो. वॅक्सने पाणी लवकर ओघळते आणि डाग घट्ट चिकटत नाही, हे खरे; पुसण्यातून मात्र सुटका नाही.

जुन्या डागांचे काय?

नुसत्या मिठाचा डाग साध्या पाण्याने विरघळतो. कॅल्शियमचा डाग त्याने जात नाही, त्यावर आम्ल लागते आणि ते स्वयंपाकघरात असतेच : सिरका. पांढरा सिरका आणि तितकेच पाणी एकत्र करून फडके भिजवावे, सावलीत थंड पत्र्यावर एक-दोन मिनिटे ठेवावे, हलक्या हाताने पुसावे आणि लगेच साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावे. आधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावे. रंग उडालेल्या किंवा तडकलेल्या जागी लावू नये. संडास-बाथरूम साफ करायचे ॲसिड चुकूनही वापरू नये. डागाबरोबर रंगही जाईल. काथ्या आणि तारेची घासणी यांनाही मनाई.

सिरक्यानेही जागचा हलला नाही आणि बोटाला खळगा लागला, तर क्षाराने रंगाचा वरचा थर खाल्लेला असतो. तेथे पॉलिशच करावे लागते. महिनोन्महिने तसेच उन्हात राहिलेले डाग या थराला पोहोचतात.

काचेवरचे डाग नुसते शोभेचे राहत नाहीत. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश पडला की प्रत्येक ठिपका चमकतो आणि रस्ता दिसेनासा होतो. दापोली-खेड रस्त्याच्या वळणांवर, निकाह उरकून मुलाबाळांना घेऊन रात्री परतताना हे जिवावर बेतू शकते. सगळी गाडी धुवायला पाणी नसले तरी पुढची काच, आरसे आणि दिवे पुसल्याशिवाय रात्रीच्या प्रवासाला निघू नये. त्याला एक तांब्या पाणी पुरते.

कर्दे, मुरूड, लाडघरच्या वाळूवर गाडी नेण्याची हौस मात्र आवरावी. खारे पाणी आणि ओली वाळू गाडीच्या पोटाला चिकटते आणि गंज तेथून सुरू होतो. ते काढायला भरपूर गोडे पाणी लागते, आणि नेमके तेच आपल्याकडे नसते. मुलांनी वाळूत खेळावे, गाडी रस्त्यावर राहू द्यावी.

पाण्याचा हिशेब

आपल्या पाइपातून मिनिटाला किती पाणी पडते, हे घड्याळ लावून बादली भरून पाहावे. मिनिटाला १२ लिटर पडत असेल आणि पाइप २० मिनिटे चालू राहिला, तर २४० लिटर झाले. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे उद्दिष्ट धरले आहे. म्हणजे एका गाडीच्या अंघोळीत चार माणसांचे दिवसभराचे पाणी गेले आणि वर थोडे उरले. वर सांगितलेल्या पद्धतीने चाकांना आणि धूळ भिजवायला १५ लिटर, शाम्पूला ६, स्पंज खळबळायला ७, साबण काढायला १० आणि शेवटी २, असे ४० लिटरमध्ये काम होते. गाडी फक्त धुळीची असेल तर निम्म्यातही.

पाणी संपत आले की काय होते, हे मोठ्या शहरांनी पाहिले आहे. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेली कोकणी मुस्लिम कुटुंबेही राहतात. तेथे फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घालण्यात आली आणि नळाच्या पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यास मनाई होती. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूतही पिण्याचे पाणी गाड्या धुण्यासाठी वापरण्यावर बंदी आली आणि मोडणाऱ्याला ५००० रुपये दंड ठेवला गेला. आपल्या वाडीत दंड करायला कोणी येत नाही. म्हणून तर जबाबदारी आपली जास्त.

आपल्याला ही शिकवण नवीन नाही. पैगंबर हजरत मुहम्मद (सल्ल.) एका मुद पाण्यात वुजू आणि एक साअ ते पाच मुद पाण्यात गुस्ल करीत, असे हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीने बुखारी आणि मुस्लिममध्ये आले आहे. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, लिटरपेक्षाही कमी. आणि साअ म्हणजे चार मुद. इबादतीच्या पाण्यालाच एवढे माप असेल, तर गाडीच्या पाण्याला माप नसावे का? पाणी, चारा आणि आग यांत सर्व जण भागीदार आहेत, या अर्थाची हदीसही आपण ऐकलेली आहे. विहीर आपल्या आवारात असली तरी खालचा झरा शेजाऱ्याच्या विहिरीलाही जात असतो. आपण पंप लावला आणि त्यांच्या घरातल्या खालाबींना कळशी घेऊन दूरवर जावे लागले, तर चकाकणाऱ्या गाडीत बसून ईदगाहला जाण्यात काय शोभा?

मशिदीच्या पाण्याबद्दलही एक शब्द. जुम्याला आलेली गाडी मशिदीच्या नळावर धुऊन घेण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. ते पाणी नमाजींच्या वुजूसाठी आणि गरजेसाठी ठेवलेले असते. गाडीसाठी त्याला हात लावू नये. आणि गाडी धुण्याच्या नादात नळ बंद असताना कुणी वुजूसाठी ताटकळत बसला असेल, तर आधी त्याला पाणी द्यावे.

मोहल्ल्यात एवढे ठरवता आले तरी पुष्कळ झाले : ईदच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी एकदम पंप लावायचा नाही. तीन-चार दिवस आधीपासून घराघरांनी वार वाटून घ्यावेत, म्हणजे विहिरीला भरून यायला रात्र मिळते. आदल्या दिवशी ओल्या फडक्याने काच आणि दिवे पुसले की गाडी तयार. रजेवर आलेल्या भाईजानना आणि मुंबईहून आलेल्या मामूंना हे घरातल्या मोठ्यांनीच प्रेमाने सांगावे. शहरातला नळ आणि गावची विहीर यांतला फरक त्यांना एका वाक्यात कळतो.

आणि यंदा पहिल्या पावसाने छप्पर धुऊन निघाले की दोन कॅन पागोळीखाली ठेवायला विसरू नका.